कर्करोगाची वंशावळ

आपल्याकडे सोयरीक जमत असतां मुलाची प्राप्ति, मुलीचें शिक्षण, घराण्याचा लौकिक ह्यांची चौकशी उघडपणें होते. एक चौकशी मात्र उघडपणें होत नाहीं. ती बहुधा एखाद्या दूरच्या आत्याच्या किंवा मामीच्या मध्यस्थीनें, आवाज उतरवून केली जाते : "त्यांच्याकडे तें दुखणें आहे म्हणे. खरें का ?" दुखण्याचें नांव विचारणारा घेत नाहीं आणि सांगणाराहि घेत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका गृहिणीस आपल्या स्तनांत गांठ आहे हें ज्येष्ठांत समजलें. मार्गशीर्षांत धाकट्या मुलीचें लग्न व्हावयाचें होतें. बोभाटा झाला तर लग्न मोडेल, ह्या एका भयानें त्या बाईंनीं ती गांठ सहा महिने पदराखालीं झांकून ठेविली. लग्न यथासांग पार पडलें. डॉक्टरांकडे जाईपर्यंत रोग काखेंत उतरला होता.

ह्या भयाला निव्वळ अडाणीपणा म्हणून मोकळें होतां येत नाहीं. "कर्करोग हा जनुकांचा रोग आहे" असें आजचें शास्त्रहि निःशंकपणें सांगतें. आणि वर्तमानपत्रांतून त्याचें भाषांतर "कर्करोग हा आनुवंशिक रोग आहे" असें होऊन तें घरोघर पोहोंचतें. ह्या दोन वाक्यांत केवढें अंतर आहे, हें शास्त्राच्या इतिहासाकडे पाहिल्यावांचून नीट कळावयाचें नाहीं. पहिलें वाक्य सिद्ध होण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. दुसरें वाक्य बहुतेक रोग्यांच्या बाबतींत खरें नाहीं. तो इतिहास येथें थोडक्यांत सांगावा, एवढाच आमचा हेतु आहे.

रोग कांहीं नवा नव्हे. सुश्रुतसंहितेंत अर्बुदाचें वर्णन आहे. दोषांच्या प्रकोपानें मांस व रक्त दूषित होऊन खोल मुळाची, सावकाश वाढणारी व न पिकणारी गांठ उत्पन्न होते, असें तेथें सांगितलें असून, एका अर्बुदावर दुसरें उद्‍भवल्यास त्यास अध्यर्बुद असें निराळें नांव दिलें आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस ह्याच्या परंपरेंत ह्या रोगास खेंकड्याचें नांव पडलें. आपला कर्क हा शब्दहि त्याच प्राण्याचा वाचक आहे. गेलननें काळ्या पित्तास दोषी ठरविलें आणि युरोपांत ती समजूत शतकानुशतकें टिकून राहिली. देश निराळे, भाषा निराळ्या. पण शरीरांतील कोणता तरी रस बिघडतो व त्याची गांठ बनते, ही कल्पना दोहोंकडे सारखीच होती. तिला खरा धक्का दिला तो सूक्ष्मदर्शक यंत्रानें. १८५८ सालीं बर्लिन येथें दिलेल्या आपल्या व्याख्यानांत रुडोल्फ फिर्खो ह्यानें असा सिद्धान्त मांडला कीं, प्रत्येक पेशी ही दुसऱ्या पेशीपासूनच जन्मास येते. रसाला आई नसते, पेशीला असते. तेव्हां गांठींतील पेशींनाहि कोणी तरी पूर्वज असलाच पाहिजे, आणि तो त्याच शरीरांत असला पाहिजे. कर्करोगाच्या वंशावळीचा प्रश्न ह्या क्षणीं प्रथम उपस्थित झाला.

ह्या सुमारास वैद्यांपुढें दोन प्रकारच्या नोंदी होत्या आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. १७७५ सालीं लंडनचा शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट ह्यानें दाखविलें होतें कीं, लहानपणापासून धुराड्यांत उतरून काजळी खरडणाऱ्यांना पुढें अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो. येथें कारण उघड उघड बाहेरचें होतें. उलट १८६६ सालीं पॅरिसच्या पॉल ब्रोकानें आपल्या पत्नीच्याच माहेरची वंशावळ मांडून, त्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या स्त्रिया स्तनाच्या कर्करोगानें गेल्याचें दाखविलें. १८९५ सालीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचा विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन ह्याला त्याच्या ओळखीची एक शिवणकाम करणारी स्त्री म्हणाली कीं, मी तरुणपणींच आंतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या रोगानें मरणार, कारण आमच्या घरांतील बहुतेक माणसें तशींच गेलीं. वॉर्थिननें तिचें बोलणें हंसण्यावारी नेलें नाहीं. त्यानें घराण्याची माहिती जमविण्यास आरंभ केला व ती १९१३ सालीं प्रसिद्ध केली. दरम्यान ती स्त्री, तिनें म्हटल्याप्रमाणें, गर्भाशयाच्या कर्करोगानें वारली होती. काजळी खरी कीं कुल खरें ? दोन्ही नोंदी प्रामाणिक होत्या. त्यांना जोडणारा दुवा कोणाच्याच हातीं नव्हता.

तो दुवा ज्याला प्रथम दिसला, तो वैद्य नव्हता आणि कर्करोग हा त्याचा विषयहि नव्हता. थिओडोर बोव्हेरी हा जर्मनींतील व्ह्युर्त्सबुर्ग येथील प्राणिशास्त्राचा अध्यापक. तो समुद्रांत सांपडणाऱ्या सी-अर्चिन ह्या कांटेरी गोल प्राण्याच्या अंड्यांवर प्रयोग करीत असे. पेशीच्या केंद्रांत दोऱ्यासारखीं जीं गुणसूत्रें असतात, तीं सारीं एकाच गुणाचीं कीं प्रत्येकाचें काम निराळें, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. अंड्यांत एकाऐवजीं दोन शुक्रजंतु शिरले, तर त्या अंड्याचे पहिल्याच विभागणींत दोनाऐवजीं चार भाग होतात आणि गुणसूत्रांची वांटणी चुकते. कोणाच्या वांट्यास जास्त, कोणाच्या वांट्यास कमी. हे चार भाग वेगळे करून वाढविले असतां बोव्हेरीस असें आढळलें कीं, प्रत्येक भागांतील व्यंग निराळें असतें. म्हणजे गुणसूत्रांची संख्या पुरी भरणें हें पुरेसें नसून योग्य तीं गुणसूत्रें एकत्र असणें अवश्य आहे. ह्यापूर्वीं, १८९० सालीं, डेव्हिड फॉन हान्सेमान ह्यानें कर्करोगाच्या पेशींतहि अशीच वेडीवांकडी विभागणी पाहिली होती. बोव्हेरीनें हीं दोन निरीक्षणें शेजारीं ठेविलीं.

१९०२ सालच्या निबंधांत त्यानें ह्या विचाराची ओझरती सूचना केली, आणि १९१४ सालीं एका लहानशा पुस्तकांत तो सविस्तर मांडला. त्याचें म्हणणें असें : घातक गांठ एकाच पेशीपासून सुरू होते. त्या पेशीच्या गुणसूत्रांत कांहीं कारणानें बिघाड झालेला असतो. पेशीला वाढीची प्रेरणा देणारीं व तिला आवर घालणारीं अशीं दोन प्रकारचीं सूत्रें असावींत. आवर घालणारें गेलें, किंवा प्रेरणा देणारें प्रबळ झालें, कीं पेशी बेबंद वाढते. आणि हा बिघाड तिच्या साऱ्या संततींत उतरतो. काजळी असो वा अन्य कांहीं असो, बाहेरचें कारण ह्याच मार्गानें काम करीत असलें पाहिजे. आज हें वाचतांना आश्चर्य वाटतें, कारण ह्यांतील बहुतेक विधानें पुढें खरीं ठरलीं आहेत. परंतु गांठीच्या पेशींतील गुणसूत्रें नीट मोजण्याचेंहि साधन त्या काळीं नव्हतें. पुस्तक प्रसिद्ध झालें त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, व पुढच्या वर्षीं बोव्हेरी वारला. त्याची पत्नी मार्सेला ही स्वतः प्राणिशास्त्रज्ञ होती. तिनें १९२९ सालीं त्या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. पतीचा विचार वायां जाऊं नये म्हणून तिनें केलेला हा खटाटोप शास्त्राच्या इतिहासांत विसरला जाऊं नये, असें आम्हांस वाटतें.

मधल्या काळांत पुरावे जमत होते, पण निरनिराळ्या दिशांनीं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत पेटन राउस ह्यानें १९११ सालीं दाखविलें कीं, कोंबडीच्या एका गांठीचा पेशीविरहित, गाळून घेतलेला अर्क दुसऱ्या कोंबडीस टोंचला असतां तिलाहि तशीच गांठ येते. अर्थात् कारण एक विषाणु होता. ह्या शोधाचें नोबेल पारितोषिक त्याला १९६६ सालीं, म्हणजे पंचावन्न वर्षांनीं मिळालें. १९१५ सालीं टोकियोच्या यामागिवा व इचिकावा ह्या दोघांनीं सशांच्या कानांवर महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग उत्पन्न केला व पॉटच्या नोंदीस प्रयोगाचा आधार दिला. १९२७ सालीं हर्मन मुल्लर ह्यानें क्ष-किरणांनीं फळमाशीच्या जनुकांत बदल घडवून आणतां येतात हें सिद्ध केलें. विषाणु, डांबर, किरण : तीन कारणें आणि तीन पक्ष. प्रत्येक पक्षास आपलेंच कारण मूळ कारण वाटे. तिघांचा बाण एकाच ठिकाणीं लागत आहे, हें दिसण्यास अजून अवकाश होता.

तें दिसूं लागलें तें फिलाडेल्फिया येथें. १९६० सालीं पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड ह्या दोघांनीं रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगांत, बहुतेक प्रत्येक रोग्याच्या बिघडलेल्या पेशींत, एक गुणसूत्र नेहमीपेक्षां आंखूड असल्याचें पाहिलें. नोवेलनें पेशींचीं कांचपट्टिका साध्या नळाच्या पाण्यानें धुतली, त्यामुळें पेशी फुगल्या व गुणसूत्रें सुटीं सुटीं दिसूं लागलीं, अशी ह्या शोधाची कथा आहे. त्याच रोग्यांच्या इतर पेशींत मात्र हें गुणसूत्र धड होतें. म्हणजे बिघाड आईबापांकडून आलेला नव्हता; तो जन्मानंतर, एका पेशींत झालेला होता. तुटलेला तुकडा कोठें गेला ह्याचा उलगडा १९७३ सालीं शिकागोच्या जॅनेट राउली ह्या बाईंनीं केला. घरीं जेवणाच्या मेजावर गुणसूत्रांचीं छायाचित्रें कातरून जुळवीत असतां त्यांना आढळलें कीं, बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा नवव्यास जडला असून नवव्याचा तुकडा बाविसाव्यास जडला आहे. दोन गुणसूत्रांनीं आपलीं टोंकें बदललीं होतीं.

इकडे सान फ्रान्सिस्को येथें मायकेल बिशप व हॅरोल्ड व्हार्मस हे राउसच्या विषाणूचा पाठपुरावा करीत होते. त्या विषाणूंतील जें जनुक गांठ उत्पन्न करितें, तें विषाणूनें कोठून आणलें ? १९७६ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, तें जनुक निरोगी पक्ष्यांच्या प्रत्येक पेशींत मुळांतच असतें. विषाणूनें तें कोंबडीकडूनच उचललेलें आहे. चोर बाहेरून आला असें समजून माग काढावा आणि माग आपल्याच माजघराशीं येऊन थांबावा, तसें हें झालें. पेशीच्या वाढीस आवश्यक असलेलें जनुकच बिघडल्यावर कर्करोगाचें जनुक होतें. १९८२ सालीं तर मनुष्याच्या मूत्राशयाच्या कर्करोगांतील अशा एका जनुकांत व निरोगी जनुकांत केवळ एका अक्षराचा फरक आढळला. सुमारे ३०० कोटि अक्षरांच्या ग्रंथांत एका अक्षराची चूक. पण ती नेमकी अशा ठिकाणीं, कीं वाढीची आज्ञा एकदां दिली म्हणजे ती मागें घेतां येऊं नये.

ही झाली प्रेरणा देणारीं जनुकें. आवर घालणाऱ्या जनुकांचें कोडें सुटलें तें लहान मुलांच्या डोळ्यांतील एका दुर्मिळ कर्करोगावरून, आणि ब्रोकाच्या व वॉर्थिनच्या नोंदींचा खरा अर्थहि तेथेंच लागला. ह्यूस्टन येथील आल्फ्रेड नुडसन ह्यानें १९७१ सालीं अशा ४८ मुलांच्या नोंदी अभ्यासिल्या. ज्यांच्या घराण्यांत हा रोग होता त्या मुलांस तो फार लौकर, व पुष्कळदां दोन्ही डोळ्यांत होई. इतरांस तो उशिरा व एकाच डोळ्यांत होई. नुडसननें ह्याचा उलगडा असा केला. प्रत्येक पेशींत आवर घालणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची व एक बापाची. दाराला दोन कुलुपें असावींत तसें हें आहे. एक मोडलें तरी दुसरें दार राखतें. सामान्य मुलाच्या एकाच पेशींत दोन्ही कुलुपें मोडावयाचीं, तर दोन स्वतंत्र अपघात व्हावे लागतात, आणि असें क्वचितच घडतें. पण ज्याला एक मोडकें कुलूप जन्मतःच मिळालें, त्याच्या डोळ्यांतील प्रत्येक पेशींत एकाच अपघाताची उणीव राहते. तें जनुक १९८६ सालीं प्रत्यक्ष हातीं आलें व नुडसनचें गणित खरें ठरलें.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें, अशी आमची विनंति आहे. कुल खरें कीं काजळी खरी, ह्या जुन्या वादाचा निकाल ह्या एका विचारानें लागतो. दोन्ही ठिकाणीं बिघडतें तें जनुकच. काजळी, तंबाखू, किरण, कांहीं विषाणु आणि पेशी विभागत असतां होणाऱ्या साध्या चुका ह्या सर्वांचा परिणाम एकच : त्या एका शरीराच्या त्या एका पेशींतील अक्षरें बदलतात. हा बदल रोग्याबरोबर संपतो. तो मुलाबाळांकडे जात नाहीं. बीजकोशांतूनच आलेला, म्हणून घराण्यांत उतरणारा बदल निराळा, आणि तो थोड्यांच्या वांट्यास येतो. सर्व कर्करोगांपैकीं सुमारे शेंकडा ५ ते १० रोगांचेंच कारण असा जन्मजात बदल असतो, असें शास्त्रज्ञ मानतात. त्यांतहि वारशानें मिळतें तें एक मोडकें कुलूप. रोग वारशानें मिळत नाहीं.

आतां उत्क्रांतीचा विचार करूं. एका अपघातानें बहुधा कर्करोग होत नाहीं. कित्येक व्हावे लागतात. १९५४ सालीं आर्मिटेज व डॉल ह्या इंग्रज संशोधकांनीं मृत्यूच्या आंकड्यांवरून असें अनुमान काढिलें कीं, अनेक कर्करोगांत सहा-सात पायऱ्या चढाव्या लागत असाव्यात. म्हणूनच हा रोग वयाबरोबर इतक्या झपाट्यानें वाढतो. परंतु एकाच पेशींत सहा-सात अपघात एकामागून एक होणें संभवनीय कसें ? फिलाडेल्फियाचा तोच नोवेल १९७६ सालीं ह्याचें उत्तर घेऊन पुढें आला, आणि तें उत्तर डार्विनच्या विचाराचें होतें. पहिल्या अपघातानें एखाद्या पेशीस शेजारच्या पेशींपेक्षां थोडें अधिक वाढतां येतें. तिची संतति हजारों, लाखोंनीं वाढते. त्या लाखोंपैकीं कोणा एकीस दुसरा अपघात होतो व तिची संतति बाकीच्यांस मागें टाकते. जीवसृष्टींत जो जीवनकलह युगानुयुगें चालला आहे, तोच येथें एका देहाच्या आंत, कांहीं वर्षांच्या अवधींत चालतो. बाल्टिमोरच्या बर्ट व्होगेलस्टाइन व एरिक फिअरन ह्यांनीं १९९० सालीं मोठ्या आंतड्यांतील निरुपद्रवी मोडापासून घातक गांठीपर्यंतच्या पायऱ्या व त्या त्या पायरीवर बिघडणारीं जनुकें दाखवून दिलीं.

पुढें जनुकांचीं अक्षरें वाचण्याची कला स्वस्त व जलद झाली, तेव्हां ही वंशावळ प्रत्यक्ष काढतां येऊं लागली. २०१२ सालीं लंडन येथें चार्ल्स स्वॉन्टन व त्याचे सहकारी ह्यांनीं मूत्रपिंडाच्या एकाच गांठीचे निरनिराळे भाग घेऊन त्यांतील जनुकें वाचलीं. तेव्हां जवळजवळ दोन-तृतीयांश बदल सर्व भागांत आढळले नाहींत. एका गांठींत अनेक शाखा होत्या आणि त्या साऱ्या एकाच खोडास जाऊन मिळत होत्या. २०१५ सालीं तर असें दिसून आलें कीं, मध्यम वयाच्या माणसांच्या पापणीच्या निरोगी त्वचेंतहि पुष्कळ पेशी असे कांहीं बदल घेऊन गुण्यागोविंदानें नांदत असतात. आपल्या देहांत सुमारे ३० ते ४० लक्ष कोटि पेशी आहेत. त्यांतील बहुतेक जन्मभर आपल्या मर्यादेंत राहतात, हेंच खरें नवल आहे.

हें नवलहि उत्क्रांतीनेंच घडविलें आहे. अनेक पेशींनीं मिळून एक देह व्हावयाचा, तर प्रत्येकीनें स्वैर वाढण्याचा आपला जुना हक्क सोडावयास हवा; तो सोडविणाऱ्या जनुकांचा पहारा कोट्यवधि वर्षांत सिद्ध झाला. हत्तीचा देह मनुष्याहून कितीतरी मोठा, तरी त्याला कर्करोग फारसा होत नाहीं. २०१५ सालीं असें आढळलें कीं, मनुष्याच्या प्रत्येक पेशींत ज्या पहारेकरी जनुकाच्या दोन प्रती असतात, त्याच्या हत्तींत सुमारे वीस जोड्या आहेत. उलट पहारा अगदींच हरला म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरण आपल्या गल्लींतील कुत्र्यांत आढळतें. त्यांच्यांत समागमानें पसरणारी एक गांठ असते. तिच्या पेशी त्या कुत्र्याच्या नसतातच. कित्येक हजार वर्षांपूर्वीं होऊन गेलेल्या एका प्राण्याच्या त्या पेशी एका देहांतून दुसऱ्या देहांत जात अद्यापि जिवंत आहेत.

ही वंशावळ केवळ विद्वानांच्या कुतूहलाची वस्तु नव्हे. रोग बरा झालासा वाटून पुन्हां कां उलटतो, हें तिच्यावांचून कळत नाहीं. राउलीबाईंनीं दाखविलेल्या त्या अदलाबदलीमुळें जें विकृत प्रथिन उत्पन्न होतें, नेमकें त्यालाच रोखणारें इमॅटिनिब हें औषध २००१ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. आरंभीच्या चांचणींत योग्य मात्रा मिळालेल्या ५४ रोग्यांपैकीं ५३ जणांचें रक्त पूर्ववत् झालें. बोव्हेरीच्या समुद्रकांठच्या अंड्यांपासून निघालेला विचार इतक्या लांब येऊन फळास आला. आपल्या देशांत ह्या औषधाच्या एका स्वरूपाची एकस्वाची मागणी सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं फेटाळली, म्हणून येथील कारखान्यांचें स्वस्त औषध रोग्यांस मिळत राहिलें. तरीहि कांहीं रोग्यांत औषध चालेनासें झालें. शोध घेतां त्या पेशींच्या जनुकांत आणखी एक अक्षर बदललेलें आढळलें, आणि कित्येकांच्या रक्तांत असा बदल औषध सुरू होण्यापूर्वींच, अगदीं थोड्या पेशींत असल्याचें दिसलें. औषधानें तो उत्पन्न केला नव्हता. औषधानें त्याची निवड केली होती. कपाशीवर एकच औषध वर्षानुवर्षें मारलें म्हणजे त्याला न जुमानणारी बोंडअळीच तेवढी शेतांत उरते, हें विदर्भांतील शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. म्हणूनच १९६५ च्या सुमारास अमेरिकेंतील वैद्यांनीं मुलांच्या रक्तकर्करोगावर चार औषधें एकदम देण्याचा प्रघात सुरू केला : एकीस चुकविणारी पेशी दुसऱ्या औषधाच्या हातीं सांपडावी. आणि म्हणूनच रोग जितका लौकर पकडावा तितका बरा. गांठ लहान असतां तिच्या शाखा थोड्या असतात. प्रत्येक महिन्यागणिक त्या वाढत जातात. त्या गृहिणीनें झांकून ठेविलेले सहा महिने ह्या दृष्टीनें पाहिले पाहिजेत.

ह्या इतिहासांत आपल्या प्रांताचाहि वांटा आहे. १९४१ सालीं परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालें. तेथील प्रयोगशाळेंतून डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनीं मुंबईच्या निरनिराळ्या समाजांतील कर्करोगाची तुलना आरंभिली. एकाच शहरांत, एकाच हवापाण्यांत राहणाऱ्या समाजांत कर्करोगाचे प्रकार निरनिराळे कां, ह्याचें उत्तर त्यांनीं लोकांच्या चालीरीतींत व संवयींत शोधिलें. त्यांच्या विद्यार्थिनी कमल रणदिवे ह्यांनीं उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावर संशोधन केलें आणि पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा मुंबईंत उभी केली. तोंडाचा कर्करोग आपल्या देशांतील पुरुषांत फार आढळतो, आणि त्याचें मुख्य कारण गालांत धरलेली तंबाखू व सुपारी हें आहे. ह्या बाबतींत आतां तर्काचें काम उरलेलें नाहीं. तंबाखूचा धूर जनुकांच्या अक्षरांत विशिष्ट तऱ्हेचे बदल करितो, आणि गांठींतील जनुकें वाचलीं म्हणजे ती तऱ्हा हस्ताक्षरासारखी ओळखूं येते. रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या फुफ्फुसाच्या प्रत्येक पेशींत वर्षाकांठीं सरासरी दीडशें बदल पडतात, असें २०१६ सालीं मोजण्यांत आलें. बाप आणि मुलगा दोघेहि ह्या रोगानें गेले, तर आपण घराण्यास बोल लावितों. दोघांच्या खिशांत एकच डबी होती, इकडे आपलें लक्ष जात नाहीं.

मग घराणें पाहूंच नये काय ? पाहावें, परंतु सोयरीक मोडण्यासाठीं नव्हे. मेरी-क्लेअर किंग ह्या बाईंनीं १९९० सालीं स्तनाच्या कर्करोगाचें एक कौटुंबिक जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचें दाखविलें, व १९९४ सालीं तें हातीं आलें. ज्या घरांत आई, मावशी, बहीण अशा अनेकींना तरुण वयांत हा रोग झाला असेल, तेथें आज साध्या रक्तपरीक्षेनें मोडकें कुलूप कोणाकडे आहे व कोणाकडे नाहीं हें सांगतां येतें. आणि तें आईकडून जितकें येतें तितकेंच बापाकडूनहि येतें. तेव्हां केवळ मुलीच्या माहेरची चौकशी करणारा समाज शास्त्रदृष्ट्याहि चुकतोच. वॉर्थिनच्या त्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या घराण्याचा मागोवा पुढें हेन्री लिंच ह्या वैद्यानें घेतला, व १९९३ सालीं अशा घराण्यांतील दोष जनुकाची अक्षरें दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेंत असल्याचें उघड झालें. आज तसें जनुक असणाऱ्यांची आंतडीं ठराविक काळानें तपासतात व मोड घातक होण्यापूर्वींच काढून टाकतात. ज्या गोष्टीकडे त्या स्त्रीनें मरणाची निश्चिति म्हणून पाहिलें, तीच तिच्या वंशजांना सावध करणारी खूण झाली. हें शक्य झालें, कारण तिनें आपल्या घरची गोष्ट कोणापासून लपविली नाहीं आणि ऐकणाऱ्यानें ती लिहून ठेविली.

आमच्या परिचयाच्या त्या बाई पुढें दोन वर्षें जगल्या. त्यांच्या आईस, मावशीस, बहिणींस कोणासहि हा रोग नव्हता. ज्या कलंकास त्या भ्याल्या तो त्यांच्या घरांत बहुधा नव्हताच. धाकटी मुलगी सासरीं सुखांत आहे. सासूबाईंना सर्व कळलें तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "अहो, आधीं सांगितलें असतें, तर लग्न चार महिने पुढें ढकललें असतें."